खटला त्यांचा, खर्च आपला



पाटण तालुक्यात शाळू पेरणारा शेतकरी चांगली कणसे निवडून बियाणे घरी ठेवतो. मालदांडीच्या बियाण्यावरून दोन कंपन्या कोर्टात गेल्याचे आम्ही ऐकलेले नाही. कापसाचे तसे नाही. संकरित वाणाचे घरचे बी दुसऱ्या वर्षी तसे पिकत नाही. दरसाल पाकीट घ्यावेच लागते, आणि ज्याच्या हाती पाकीट त्याच्या हाती दर.

बीटी कापसाला २००२ साली परवानगी मिळाली. अमेरिकेची मोन्सँटो आणि जालन्याची महिको यांच्या भागीदारी कंपनीने इतर बियाणे कंपन्यांना परवाने दिले आणि पाकिटामागे रॉयल्टी घेतली. पाकीट सोळाशे रुपयांवर गेले. २००६ साली आंध्र सरकारने तक्रार केली, तेव्हा तेच पाकीट ७५० वर आले. मग आधीचे पैसे कशाचे होते?

पुढे रॉयल्टीवरून हैदराबादच्या नुझीवीडूशी बिनसले. २०१५ मध्ये परवाना रद्द झाला, २०१६ मध्ये दिल्ली हायकोर्टात दावा पडला. २०१८ मध्ये हायकोर्टाने पेटंट रद्द ठरवले. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो निकाल फिरवून खटला परत पाठवला. त्याच वर्षी पेटंटची मुदत संपली आणि २०२१ मध्ये दोघांनी तडजोड केली.

कंपन्या असे का लढतात? पेटंट म्हणजे दुसऱ्याला अडवण्याचा हक्क. एकाने रॉयल्टी बुडवून पचवली, तर बाकीचे कशाला देतील? म्हणून एकाला कोर्टात खेचायचे आणि दहांना धाक घालायचा. समोरचाही आपल्यासाठी लढत नव्हता. वाचलेली रॉयल्टी त्याला स्वतःच्या गल्ल्यात हवी होती. दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ ही म्हण इथे उलटी झाली. २०१७ मध्ये विदर्भात गुलाबी बोंडअळीने बोंडे पोखरली, तेव्हाही दिल्लीत वाद चालू होता तो रॉयल्टीचा.

आम्ही शेतीशास्त्र शिकलेलो आहोत, विज्ञानाचे वैरी नाही. आमचे भांडण मक्तेदारीशी आहे. २००१ च्या वाण संरक्षण कायद्याचे कलम ३९ शेतकऱ्याला बियाणे राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा हक्क देते. ब्रँड लावून विकण्याची तेवढी मनाई आहे. पण घरी राखता येईल असे वाणच मिळाले नाही, तर तो हक्क कागदावरच राहणार.

म्हणून जिल्हा बैठकीत एकच ठराव मांडू: पेटंटची मुदत संपली आहे, आता कृषी विद्यापीठांनी कोरडवाहू जमिनीला मानवणारे सरळ बीटी वाण द्यावे. पुढच्या खटल्याचा खर्च आम्ही भरणार नाही.