मोफत फेरीचा जमाखर्च



परदेशी सहलीला निघालेल्या आपल्या बायकांना दोन शब्द फार आवडतात, ‘मोफत’ आणि ‘सोबत’. म्हणजे एखादी गोष्ट मोफत असावी आणि आपल्या सोबत कोणीतरी ओळखीचं असावं. युरोपातल्या जुन्या गावांत चालत फिरून गाव दाखवणाऱ्या ज्या मोफत फेऱ्या असतात, ज्यांना हल्ली सगळे हेरिटेज वॉक म्हणतात, त्यांत या दोन्ही गोष्टी मिळतात. तरीही आपल्यातल्या बऱ्याच जणी एकतर तिकडे फिरकत नाहीत, नाहीतर जातात आणि अर्ध्यातून निघून येतात. कारण विचारलं तर म्हणतात, “फुकटचंच तर होतं!”

माझं मत याच्या नेमकं उलट आहे. पूर्ण सहलीत आपल्यासारख्या गृहिणीला सगळ्यात जास्त देऊन जाणारी गोष्ट असेल तर ती ही फेरी. पण तिचे पैसे कोण भरतं हे आपल्याला कळायला हवं आणि आपला वाटा आपण उचलायला हवा. मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे. नोकरी केली नाही, पण पुस्तपालनाचा पहिला धडा विसरले नाही. एका बाजूला जमा दिसली की दुसऱ्या बाजूला कुठेतरी नावे पडलेलंच असतं.

उदाहरण म्हणून हंगेरीतलं एगर गाव घेते. मुलगा-सून बुडापेस्टला असतात, त्यामुळे तिकडे जाणं झालं. एगर बुडापेस्टपासून साधारण १३० किलोमीटरवर, रेल्वेने दोन तासांच्या आसपास. वस्ती आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावाएवढी. आम्ही गेलो ते सप्टेंबरमध्ये. त्या महिन्यात हंगेरीत ‘सांस्कृतिक वारसा दिवस’ असतात, साधारण तिसऱ्या शनिवार-रविवारी. १९८५ मध्ये युरोप परिषदेने हा उपक्रम सगळ्या युरोपसाठी सुरू केला आणि हंगेरीत तो १९९९ पासून होतो. एरवी बंद असलेल्या किंवा तिकीट लावणाऱ्या अनेक जागा त्या दोन दिवसांत उघडतात आणि माहितगार माणसं लोकांना फिरवून दाखवतात. आमची फेरी हंगेरियन भाषेत होती. सूनबाई कानाशी हळूच मराठीत सांगत होती. फेरीत परदेशी आम्हीच. बाकी सगळे गावातले लोक, आजी-आजोबा, शाळकरी मुलं. मोफत ठेवण्याचा खरा फायदा मला तिथे दिसला. गावाचा वारसा आधी गावकऱ्यांना कळावा, पैशावाचून कोणी बाहेर राहू नये, यासाठी ती सोय आहे. पाहुण्यांना तिचा लाभ होतो तो त्यांच्या मोठ्या मनामुळे.

एगरचं नाव तिथल्या लहान मुलालाही माहीत असतं ते १५५२ च्या वेढ्यामुळे. ओटोमन तुर्कांच्या प्रचंड फौजेने किल्ल्याला वेढा घातला. आत बायका-मुलं धरून २,००० च्या थोडी वर माणसं. किल्लेदार होता दोबो इश्तवान. पाच आठवड्यांहून जास्त दिवस किल्ला लढला आणि ऑक्टोबरच्या मध्यावर फौज माघारी गेली. तटावरून उकळतं पाणी, तेल, डांबर ओतणाऱ्या बायकांची आठवण आजही काढतात. सेकेय बेर्तोलान या चित्रकाराने १८६७ मध्ये ‘एगरच्या स्त्रिया’ हे चित्र काढलं, ते तिकडे घरोघरी ठाऊक आहे.

आपल्या मनाला हे ऐकताना कसंसंच होतं, मी नाकारत नाही. पण आपल्याच शास्त्रात गृहस्थाच्या बाबतीत संकल्पी हिंसा वेगळी आणि विरोधी हिंसा वेगळी मानलेली आहे. घरादारावर चालून आलेल्याला अडवणं आणि ठरवून मारायला जाणं यांतला फरक आपल्याला शिकवलेला आहे. त्या बायकांविषयी ऐकताना मला हाच फरक आठवत होता.

फेरी नेणाऱ्या बाई माझ्याच वयाच्या असाव्यात. सूनबाईकरवी मी त्यांना विचारलं, “इतके दिवस दोन हजार माणसांचा स्वयंपाक कोण करत होतं?” त्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, “तेही बायकाच करत असणार. चित्रात तेवढं आलं नाही.” मग साठवण, पीठ, पाणी, जखमींची शुश्रूषा यांवर त्या बराच वेळ बोलल्या. गावातल्या दोघी-तिघी आज्याही बोलायला लागल्या. बसमधल्या ध्वनिक्षेपकाला आपण असा प्रश्न विचारू शकत नाही. चालत्या फेरीत विचारू शकतो. आणि घर चालवणाऱ्या बाईला सुचणारे प्रश्न इतिहासातल्या पंडिताला सुचतीलच असं नाही. म्हणून म्हणते, मागे राहून नुसते फोटो काढू नका. पुढे जाऊन विचारा.

चांगला मार्गदर्शक आणखी एक गोष्ट करतो. गोष्ट कुठली आणि घडलेलं कुठलं, हे तो वेगळं करून सांगतो. एगरच्या तांबड्या दारूला ‘बैलाचं रक्त’ असं नाव आहे. वेढ्यात सैनिक ती प्यायले, दाढ्या लाल झाल्या आणि तुर्कांना वाटलं हे बैलाचं रक्त पितात, अशी कथा आहे. बाईंनी कथा रंगवून सांगितली आणि लगेच म्हणाल्या, ही मागाहून रचलेली आहे. तसंच तिथल्या मिनाराचं. १५५२ मध्ये वाचलेला किल्ला १५९६ मध्ये तुर्कांच्या हाती गेला आणि १६८७ पर्यंत, म्हणजे ९१ वर्षं, त्यांच्याकडे राहिला. त्या काळातला ४० मीटर उंचीचा मिनार आजही उभा आहे. शेजारची मशीद पुढे पाडली गेली. हा मिनार पाडायला ४०० बैल जुंपले तरी तो हलला नाही, असं सांगतात. खरं असो वा नसो, ज्यांच्याशी लढलो त्यांची खूण गावाने आज जपून ठेवली आहे, आणि त्याविषयी सांगताना बाईंच्या आवाजात कडवटपणा नव्हता. मला ते फार आवडलं.

किल्ल्याच्या आवारात गार्दोन्यी गेझा या लेखकाची समाधी आहे. त्याच्या ‘एगरचे तारे’ या कादंबरीने, जी १९०१ मध्ये पुस्तकरूपात आली, ही वेढ्याची कथा तिकडच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनात बसवली. समाधीवर एवढंच कोरलं आहे की इथे फक्त त्याचं शरीर आहे. सूनबाईने अर्थ सांगितला आणि मी क्षणभर गप्प झाले. देह वेगळा, आत्मा वेगळा, हे आपण रोज स्वाध्यायात वाचतो. परक्या देशात, परक्या भाषेत, एका दगडावर तेच भेटलं. कोणी थांबून दाखवलं नसतं तर आम्ही शेजारून निघून गेलो असतो.

आता जमाखर्चाकडे येते. मोफत फेऱ्या तीन तऱ्हेच्या असतात आणि तिन्हींचा हिशोब वेगळा आहे.

पहिली तऱ्हा वारसा दिवसांची. तिचा खर्च सरकार, नगरपालिका, चर्च, विद्यापीठ अशा संस्था उचलतात. म्हणजे गावकऱ्यांचा कर. त्यात आपलाही थोडा वाटा असतो. हंगेरीत बऱ्याच गावांत मुक्कामाच्या प्रत्येक रात्रीमागे माणशी पर्यटक कर द्यावा लागतो आणि तो गावाच्या तिजोरीत जातो. हॉटेलच्या बिलात ती ओळ दिसली की कुरकुर करू नका. पण सकाळी येऊन, मोफत फेरी करून, संध्याकाळी परत जाणाऱ्यांनी तो करही भरलेला नसतो. त्यांनी निदान किल्ल्याच्या संग्रहालयाचं तिकीट काढावं, गावातल्या दुकानात काही घ्यावं.

दुसरी तऱ्हा २१ फेब्रुवारीची. हा जागतिक पर्यटक मार्गदर्शक दिन, १९९० पासून पाळला जातो. त्या सुमारास हंगेरीतल्या अनेक गावांत मार्गदर्शक मंडळी लोकांना मोफत फिरवतात. हे त्यांचं स्वतःचं दान आहे. ज्ञानदान म्हणा. इथे पैसे पुढे करण्यापेक्षा वेळेवर येणं, लक्ष देऊन ऐकणं आणि शेवटपर्यंत थांबणं हीच दक्षिणा.

तिसरी तऱ्हा बुडापेस्टसारख्या मोठ्या शहरांत रोज चालते. नाव मोफत, पण शेवटी प्रत्येकाने खुशीने काही द्यायचं. मार्गदर्शकाचं पोट त्यावर असतं. कित्येक ठिकाणी तर जमलेल्या प्रत्येक माणसामागे त्यालाच फेरी भरवणाऱ्या कंपनीला ठरावीक रक्कम द्यावी लागते. म्हणजे आपण दोन तास ऐकून शेवटच्या चौकाआधी हळूच सटकलो, तर त्याच्या खिशातून आपल्यासाठी पैसे गेले! तिकीट लावणाऱ्या प्रशिक्षित मार्गदर्शकांची या फेऱ्यांवर तक्रार असते, की यांच्यामुळे आमच्या कामाची किंमत पडते. त्या तक्रारीत तथ्य आहे. म्हणून ही तिसरी तऱ्हा मी मोफत मानतच नाही.

“त्यांनीच मोफत म्हटलंय, मग न देण्यात चूक काय?” असं माझ्या एका मैत्रिणीने विचारलं. प्रश्न रास्त आहे. न दिलेलं घेणं म्हणजे चोरी, अशी आपल्या अचौर्य अणुव्रताची साधी व्याख्या. इथे समोरचा देतोय, तेव्हा चोरी नाही. मान्य. पण त्याची अपेक्षा ठाऊक असूनही तोंड चुकवून निघून जाणं हे व्रताच्या कडेकडेने चालण्यासारखं आहे. व्रत फक्त शब्दाने पाळायचं की भावाने, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी माझ्यापुरता नियम केलाय. तेवढ्याच वेळाची तिकिटाची फेरी घेतली असती तर जे दिलं असतं, त्याच्या निम्म्याहून कमी द्यायचं नाही. ती रक्कम सकाळीच वेगळ्या पाकिटात घालून ठेवायची. हातात सुटे फोरिंट असले की देताना संकोच होत नाही.

आता आपल्या अडचणी. गुडघे दुखतात, जुन्या गावांत रस्ते दगडी. खरं आहे. मऊ तळव्याचे बंद बूट घाला, साडीवर चालत नाहीत म्हणून लाजू नका. निघण्याआधीच फेरी किती वेळाची आणि चढ किती, ते विचारून घ्या. स्वच्छतागृहाला तिकडे बऱ्याच ठिकाणी पैसे पडतात, नाणी ठेवा. खाण्याचं म्हणाल तर बाहेर लसूण-बटाट्याशिवाय काही मिळणं अवघड, म्हणून डब्यात खाकरे आणि सुकामेवा असू द्या. सप्टेंबरच्या मध्यावर तिकडे सूर्यास्त सातच्या सुमारास होतो, त्यामुळे दुपारची फेरी करूनही वेळेत जेवण होतं. आणि मंडळी वाइन चाखायला तळघरांकडे वळली तर आपण खुशाल चौकातल्या बाकावर बसावं. कोणी वाईट वाटून घेत नाही.

शेवटी एक मागणं, आपल्या घरच्यासाठी. वेरूळला ३० ते ३४ क्रमांकाची जैन लेणी आहेत. आपल्यातल्या किती जणी नातवंडांना ती समजावून दाखवू शकतील? एगरमध्ये हे काम माझ्या वयाची एक बाई उन्हात उभी राहून करत होती. आपल्यालाही ते जमेल. त्यासाठी थोडं वाचावं लागेल, थोडं पाठ करावं लागेल, जे आपल्याला पाठशाळेपासून जमतंच. पुढच्या सुट्टीत मंदिराच्या महिला मंडळाने चार घरांतली मुलं घेऊन अशी एक फेरी काढावी. मोफतच ठेवावी. खर्च कोणी उचलायचा तो मात्र आधी वहीत लिहून ठेवावा.