कड्याखालची सावली

गेल्या आश्विनांत घरच्या मंडळींसह सप्तशृंगगडावर कुलस्वामिनीच्या दर्शनास जाण्याचा योग आला. दर्शन आटोपल्यावर सूनबाईनें कड्याच्या पायथ्याशीं सावली पाहून फराळाचे डबे उघडले. मीं सर्वांस तेथून उठण्यास सांगितलें, तेव्हां वहिनी म्हणाल्या, “भाऊजी, देवीच्या पायांशीं कसलें भय?”

मीं त्यांस चार हातांवरील एक धोंडा दाखविला. आजूबाजूचे दगड शेवाळानें काळवंडलेले होते. याच्या कडा मात्र धारदार व अंग ताजें. तो नुकताच वरून आला होता, हें उघड होतें.

सह्याद्रीचे कडे लाव्हारसाच्या थरांचे आहेत. रस थिजतांना त्यांत उभ्या भेगा पडल्या. भेगांत पावसाचें पाणी शिरतें, झाडांचीं मुळें पाचरीप्रमाणें त्या रुंदावितात. खालचा मऊ थर झिजला म्हणजे वरची कठीण शिळा अधांतरीं राहते आणि केव्हां तरी सुटते. २० मीटर उंचीवरून सरळ सुटलेला दगड अवघ्या २ सेकंदांत खालीं येतो. त्या वेळीं त्याचा वेग ताशीं सुमारें ७० किलोमीटर असतो. पळण्यास अवधि कोठला?

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंतील अभ्यासकांनीं याच गडाच्या कड्याचें परीक्षण करून तें २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. अशा परीक्षणांत भेगांची दिशा, शिळांचें आकारमान व उताराचा कल मोजतात. मग सुटलेला दगड किती उसळेल व कोठवर घरंगळेल, हें संगणकावर ताडून पाहतात. त्यावरून उपाय ठरतो: सैल दगड आधींच उतरविणें, मोठी शिळा पोलादी सळयांनीं मागच्या खडकास जखडणें, कड्यावर तारेची जाळी पसरणें, किंवा पायथ्याशीं चर खणून लवचिक कुंपण उभारणें. जाळींत व चरांत साचलेले दगड मात्र वेळोवेळीं काढावे लागतात, नाहीं तर केलेला खर्च वायां जातो.

हीं कामें सरकारचीं व देवस्थानांचीं खरीं. पण निर्जन रानांत पडलेला दगड कोणास इजा करीत नाहीं. दगड सुटण्याचा संभव आणि तेथें माणसाचा वावर, हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणजे अनर्थ होतो. यांपैकीं दुसरी गोष्ट आपल्या हातीं आहे. कड्यावर ताजे फिकट व्रण, पायथ्याशीं धारदार दगड, खरचटलेले बुंधे दिसले, तर तेथें थांबूं नये; पावसांत व पावसानंतर तर मुळींच नाहीं.

वहिनींनीं आणखी एकदां त्या धोंड्याकडे पाहिलें, कड्याला हात जोडले आणि स्वतःच पहिला डबा उचलला. फराळ उन्हांत झाला. कोणी कुरकुर केली नाहीं.