आयुक्त साहेब, एकदा फिल्टरचे झाकण उघडा

प्रति,
मा. आयुक्त, मा. क्रीडा अधिकारी आणि जलतरण तलाव चालवायला घेतलेले ठेकेदार यांस,



उन्हाळी सुट्टीच्या बॅचेस सुरू झाल्यापासून आपल्या तलावाच्या खोल बाजूला तळाची जाळी दिसत नाही. तक्रारवहीत हे अनेकांनी लिहिले. प्रत्येक वेळी खाली एकच शेरा पडला : ‘क्लोरीनचा डोस वाढवला आहे.’ डोस वाढवला असणार, यात मला शंका नाही. पण गढूळपणा क्लोरीनने जात नाही. क्लोरीन जंतू मारतो. मेलेले शेवाळ, अंगाचा मळ, डोक्याचे खोबरेल आणि पायांबरोबर आलेली माती पाण्याबाहेर काढायचे काम वाळूचे. ती वाळू पंपरूममधल्या दोन निळ्या टाक्यांत बंद आहे आणि तिच्याकडे कोणी बघत नाही, एवढीच माझी तक्रार आहे.

मी पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालो. जलशुद्धीकरण केंद्रावर फिल्टर बेड चालवणे हे माझे काम होते, तेव्हा हे अंदाजपंचे लिहिलेले नाही.

गढूळ पाणी म्हणजे नुसता किळसवाणा प्रकार, असे कोणाला वाटत असेल तर जून २०११ मधली एक घटना सांगतो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात फॉल रिव्हर नावाचे शहर आहे. तिथल्या सरकारी तलावात एक महिला बुडाली. तिचा मृतदेह वर आला तेव्हा दोन दिवस उलटले होते. मधल्या काळात तलाव बंद नव्हता. लोक पोहत होते, जीवरक्षक हजर होते. पाणी इतके गढूळ होते की तळाशी माणूस आहे हे कोणाला दिसलेच नाही. आपल्याकडे दुपारच्या बॅचला लहान मुले असतात. जीवरक्षकाला तळ दिसत नसेल तर त्याला खुर्चीवर बसवून काय उपयोग?

आता टाक्यांकडे वळू. आपला तलाव २५ मीटर लांब, १२ मीटर रुंद आणि सरासरी दीड मीटर खोल आहे, म्हणजे साडेचार लाख लिटर पाणी. पंप हे पाणी ओढतो, केसकचरा अडवणाऱ्या स्ट्रेनरमधून टाक्यांत ढकलतो, पाणी वाळूतून वरून खाली झिरपते आणि तळाच्या बारीक फटींच्या नळ्यांतून, ज्यांना फिटर लॅटरल म्हणतात, परत तलावात जाते. यंत्रणा इतकी साधी आहे की तिचे दुखणे ओळखायला एक काटा पुरतो.

तो काटा प्रेशर गेजचा. आपल्या एका टाकीवरचा गेज पंप बंद असतानाही १२ पीएसआय दाखवतो. पंप थांबला की काटा शून्यावर आलाच पाहिजे. येत नसेल तर तो गेज मेलेला आहे. नवा गेज काही शे रुपयांत मिळतो. तो बसवून, वाळू धुतल्यावर काटा जिथे उभा राहतो तो आकडा टाकीवरच ऑइलपेंटने लिहून ठेवायचा. मळ साठत जातो तसा दाब चढतो आणि त्या आकड्यापेक्षा ८ ते १० पीएसआय वर गेला की बॅकवॉश घ्यायचा, म्हणजे पाणी उलट्या दिशेने सोडून वाळू धुवायची. काटा उलट खाली घसरला तर दोष बहुधा टाकीत नसतो. स्ट्रेनरची जाळी केसांनी तुंबलेली असते, तलावाची पातळी उतरलेली असते किंवा ओढीच्या पाइपातून पंप हवा घेत असतो. पण खरी चिंता वेगळ्याच लक्षणाची करावी : पाणी गढूळ होत चालले आहे आणि दाब मात्र आठवडाभर जागचा हलत नाही. याचा अर्थ पाणी वाळूतून जातच नाही, वाळूला वळसा घालून जाते. आपल्या दुसऱ्या टाकीचा, जिचा गेज चालू आहे तिचा, काटा नेमका असाच उभा आहे.

सध्या बॅकवॉश सोमवारी आणि गुरुवारी होतो. गर्दी असो नसो, वार ठरलेले. हे वरकरणी शिस्तीचे वाटते, पण वाळूला वार कळत नाही. मे महिन्यात दोनदा धुणे पुरत नाही आणि डिसेंबरात तेच विनाकारण होते. शिवाय थोडा मळ धरलेली वाळू अगदी नुकत्या धुतलेल्या वाळूपेक्षा बारीक कण जास्त पकडते, त्यामुळे उगाच धुणाऱ्याचे पाणीही जाते आणि गाळणही बिघडते.

गुरुवारी मी पंपरूमच्या दारात उभा राहून बॅकवॉश पाहिला. सांडपाण्याच्या पाइपावर काचेची एक नळी आहे. पंप सुरू झाला, काचेत पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचे झाले, जरा फिकट होऊ लागले आणि पोऱ्याने पंप बंद केला. मिनिटसुद्धा झाले नसेल. त्याला विचारले तर म्हणाला, “काका, पाणी फार जातं, सायबांनी सांगितलंय.” त्याची चूक नाही. काच नितळ होईपर्यंत, म्हणजे साधारण तीन ते पाच मिनिटे, एकेक टाकी धुवायची तर टाकीमागे पाचेक हजार लिटर लागतात. दोन्हींचे मिळून दहा हजारांचा एक टँकर. पाणीकपातीच्या दिवसांत हा आकडा डोळ्यांत खुपतो, हे मलाही कळते. पण अर्धवट धुतलेल्या वाळूत मळ सुटा होतो आणि तिथेच राहतो. पंप परत सुरू केला की तोच तलावात उतरतो. ते पाणी वाचवले असे म्हणताच येत नाही. खरोखर वाचवायचे असेल तर धुण्याचे पाणी एका टाकीत घ्या, गाळ खाली बसू द्या, क्लोरीन उडून जाऊ द्या आणि शेजारच्या उद्यानाला घाला. उद्यान विभाग तुमचाच आहे.

आणखी एक पाहिले. पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचे हँडल त्याने पंप चालू असतानाच फिरवले. आतला चाकाच्या आऱ्यांसारखा रबरी गॅस्केट याने उचकटतो. मग न गाळलेले पाणी आतल्या आत सरकून थेट तलावात जाते आणि काही सांडपाण्याच्या नळीतून रात्रंदिवस झिरपते. तलावाची पातळी रोज उतरते म्हणून टाइल्सच्या सांध्यांत गळती शोधण्यापूर्वी, पंप ‘फिल्टर’वर चालू असताना सांडपाण्याच्या नळीचे तोंड एकदा बघावे. ‘आधी पंप बंद, मग हँडल’ एवढे पाच शब्द भिंतीवर रंगवायला निविदा लागत नाही. धुऊन झाल्यावर ‘रिन्स’वर अर्धा-एक मिनिट पाणी बाहेर सोडायचे असते, तेही इथे होत नाही. बॅकवॉशनंतरच्या बॅचला पाणी जास्त घाण का दिसते, याचे उत्तर त्यात आहे.

पण हे सगळे वरवरचे. मुख्य दुखणे वाळूच्या वयाचे आहे. फिल्टरची वाळू म्हणजे अर्धा मिलिमीटरच्या आसपासचे, एकसारखे, कंगोरेदार सिलिकाचे कण. पाच ते सात वर्षांत त्यांच्यावर तेलाचा आणि क्षारांचा थर चढतो, मातीचे गोळे होतात, पृष्ठभाग कडक होतो आणि जिथे तडा जातो तिथून पाणी वाट काढते. झाकण उघडून मूठभर वाळू तळहातावर चोळली की परीक्षा होते. चांगली वाळू सुटी पडते, बोटांना खरखरते. गेलेली वाळू बुळबुळीत लागते आणि तिचा मुटका वळतो. पृष्ठभागावर एका बाजूला खड्डा पडलेला दिसला तर पाण्याची चोरवाट तिथेच आहे. मात्र पंप बंद करून, वरच्या कॉकने दाब पूर्ण उतरवल्याशिवाय त्या झाकणाला पाना लावू नये. दाबाखालचे झाकण माणसाचा जीव घेऊ शकते. आपल्याकडे उथळ बाजूला, पाणी आत येते त्या तोंडाशी, वाळूचा लहानसा ढीग साचतो. मुले त्यात खेळतात. ती वाळू बाहेरून आलेली नाही. तळाची एखादी लॅटरल तुटल्याशिवाय ती तिथे येत नाही.

मग इतकी वर्षे वाळू बदलली का नाही? निविदा वाचली आणि उलगडा झाला. ठेका तीन वर्षांचा आणि वाळूचे आयुष्य पाच ते सात वर्षांचे. प्रत्येक ठेकेदाराला ती पुढच्याच्या गळ्यात मारून मोकळे होता येते. त्यातून रसायनांचे पैसे किलोवर मिळतात आणि वाळू मात्र ‘किरकोळ देखभाल’ या एका ओळीत बसवलेली. पावडर ओतणाऱ्याला बिल मिळते, वाळू धुणाऱ्याला काही नाही. अशा निविदेतून गढूळ पाणीच निघणार. बरे, क्लोरीनसाठी ओततात त्या टीसीएल पावडरीत चुना असतो. तिचा न विरघळणारा साका त्याच वाळूत जाऊन बसतो आणि तिला आणखी आवळतो. म्हणजे वाढवलेला डोस दुखणे वाढवतो.

पंप रात्री बंद ठेवण्याचाही फेरविचार व्हावा. आपला पंप सहा तासांत तलावाएवढे पाणी फिरवतो. पण गाळलेले पाणी न गाळलेल्यात मिसळत राहते, त्यामुळे एका फेरीत सगळी घाण निघत नाही, सुमारे ६३ टक्केच निघते. दोन फेऱ्यांत ८६, तीनमध्ये ९५ आणि चारमध्ये ९८ टक्के. गेज आणि बिडवेल नावाच्या दोन अभ्यासकांनी हा हिशेब १९२६ मध्येच मांडला. आठ तास पंप चालवून आपण पाऊण घाण काढतो आणि उरलेली दुसऱ्या दिवशीच्या घाणीत मिळवतो.

क्लोरीन सगळे सांभाळून घेईल, या भरवशावर राहू नये. क्रिप्टोस्पोरिडियम नावाचा जुलाबाचा परजीवी १ पीपीएम क्लोरीनच्या पाण्यात दहा दिवस तगतो. १९९३ मध्ये मिलवॉकी शहरात त्याने सुमारे चार लाख लोक आजारी पडले. ते पिण्याचे पाणी होते, त्यात क्लोरीनही होता. कमी पडले ते गाळणे. हा कण चार ते सहा मायक्रॉनचा असतो, नुसती वाळू त्याला अडवू शकत नाही. तुरटी किंवा पॉलिअ‍ॅल्युमिनियम क्लोराइडची बारीक मात्रा दिली की कण एकमेकांना चिकटतात आणि वाळूत अडकतात. मुंबईतल्या भांडुपपासून तालुक्याच्या गावापर्यंत प्रत्येक जलशुद्धीकरण केंद्रात हेच रोज चालते.

आणि इथेच मला सर्वांत जास्त राग येतो. आपल्याच महापालिकेच्या केंद्रावर वाळू ओळखणारी माणसे आहेत, प्रयोगशाळा आहे, दर तासाला गढूळपणा मोजून वहीत लिहिला जातो. पण तलाव क्रीडा विभागाचा, पंप विद्युत विभागाचा, रसायने ठेकेदाराची. पाणीपुरवठ्याचा माणूस तिथे पाय ठेवत नाही, कारण फाइल त्याच्याकडे जात नाही.

म्हणून विनंती अशी. फिल्टरची तपासणी पाणीपुरवठा विभागाकडे द्या. नव्या निविदेत वाळू ही स्वतंत्र बाब ठेवा, कणाचे माप लिहा म्हणजे बांधकामाची वाळू कोणी आणून ओतणार नाही, आणि ठेका सोपवताना वाळूची स्थिती दोन्ही पक्षांच्या सहीने नोंदवा. बॅकवॉशच्या आधीचा आणि नंतरचा दाब प्रत्येक वेळी फळ्यावर लिहायला लावा. फळा तिकीट खिडकीशेजारी टांगा. पंप चालवणाऱ्या पोऱ्याला आठवडाभर जलशुद्धीकरण केंद्रावर पाठवा, तो हुशार आहे, शिकेल.

सोमवारी सकाळी तलाव सभासदांसाठी बंद असतो. त्या वेळात दोन्ही टाक्यांची झाकणे उघडता येतील. बोलावलेत तर मी येईन. तोवर खोल बाजू दोर लावून बंद करा, आणि हा निर्णय जीवरक्षकावर न सोपवता तुमच्या सहीचा लेखी आदेश काढा.

कळावे,
आपला,
सकाळच्या बॅचचा एक सभासद