उडी कितीची?

रविवारी सकाळी नातीला घेऊन पांडवलेणी चढायला गेलो. ती दुसरीत आहे. शाळेत सध्या ‘स्किप काउंटिंग’ चालू आहे, म्हणजे टप्प्याने मोजणे. पायऱ्या दिसताच तिने डाव मांडला. “आजोबा, तुम्ही दोनादोनाने मोजा, मी तिनातिनाने.” चढायचं बरोबरच, पण तोंड उघडायचं ते आपापल्या आकड्याला. मी ‘दोन’ म्हटलं, तिने ‘तीन’, मी ‘चार’, आणि सहाव्या पायरीवर दोघांच्या तोंडून एकदमच ‘सहा’ निघालं. बाराला पुन्हा तेच. अठरा यायच्या आधीच ती हसायला लागली. पुढे मला धाप लागली, तेव्हा माझेही आकडे तीच म्हणत राहिली. वर पोचल्यावर तिची तक्रार : “तिनाने गेलं की शंभर येतच नाही. नव्याण्णव येतं आणि मग एकदम एकशे दोन!”

लसावि हा शब्द तिच्या वाट्याला यायला अजून काही वर्षं आहेत. मीही तो काढला नाही.

आमच्या वेळी असं काही नव्हतं. होते ते पाढे. दिवेलागणीला परवचा, शुभंकरोति, आणि मग बे एके बे पासून तीस दाहे तीनशेपर्यंत. वर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी. वडिलांना औटकीही यायची, म्हणजे साडेतीनचा पाढा. हे सगळं टप्प्याने मोजणंच होतं. टप्पा कधी पावाचा, कधी दीडाचा, एवढंच. पण पाढा म्हणायचा असतो, बघायचा नसतो, अशी घरात आणि शाळेत दोन्हीकडे समजूत. एकोणतिसाला मी हमखास अडायचो आणि छडी खायचो. (मास्तरांचं नाव नको, ते आता नाहीत.) छडीचं दुःख केव्हाच गेलं. राग आहे तो याचा की, हा पाढा कुणी फळ्यावर उभा लिहून दाखवला नाही : २९, ५८, ८७, ११६, १४५. शेवटचा आकडा दर वेळी एकाने उतरतो : ९, ८, ७, ६, ५. त्याच्या आधीचा भाग तिनाने चढतो : २, ५, ८, ११, १४. तीस मिळवा, एक काढा. बस्स! एवढ्यासाठी माझे हात लाल झाले होते.

पाढे नकोतच, असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. भाजीवाली हिशेब करताना मोबाइल काढत नाही, ते पाढ्यांमुळेच. पण म्हणून झाल्यावर एकदा बघावेत.

आकड्यांकडे आयुष्यभर बघत बसलेले एक मास्तर आपल्या देवळालीत होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर. जन्म १९०५चा, डहाणूचा. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. त्यांच्या ६१७४ या संख्येवर पुष्कळ लिहून झालंय. मला त्यांचा दुसरा एक खेळ जास्त आवडतो. त्यात उडी कितीची मारायची, हे आपण ठरवायचं नाही, संख्येलाच विचारायचं. १६ घ्या. एक आणि सहा सात, म्हणजे उडी सातची : २३. दोन आणि तीन पाच : २८. मग ३८, ४९, ६२... आता असा आकडा शोधा, ज्याच्यावर कुठूनच उडी पडत नाही. २० बघा. पंधराहून निघालात तर एकविसावर जाता, चौदाहून एकोणिसावर. विसावर कुणाचाच पाय पडत नाही. अशा संख्यांना कापरेकरांनी नाव दिलं स्वयंभू. त्र्यंबकेश्वराच्या शेजारी राहणाऱ्याला दुसरा कुठला शब्द सुचणार! जगात त्यांना ‘देवळाली संख्या’ असंही म्हणतात. बऱ्याच विद्वानांना हा पोरखेळ वाटे. १९७५ साली अमेरिकेतल्या ‘सायंटिफिक अमेरिकन’मध्ये मार्टिन गार्डनर यांनी आपल्या सदरात कापरेकरांबद्दल लिहिलं, तेव्हा मास्तर सत्तरीत होते. आणि पोरखेळ म्हणाल तर तो होताच. पोरांना खेळता येतो हेच त्याचं मोठेपण.

लेणी उतरून घरी आल्यावर नातीबरोबर शंभरपर्यंतचे स्वयंभू शोधून काढले. दुपार त्यातच गेली, वरण गार झालं, बोलणी मी खाल्ली. कागदावर आलं ते असं : १, ३, ५, ७, ९, २०, ३१, ४२, ५३, ६४, ७५, ८६, ९७. तिने नुसतं पाहिलं आणि म्हणाली, “आजोबा, नवानंतर सगळ्या अकराच्या उड्या आहेत!” ज्यांच्यावर कुणाची उडी पडत नाही, त्यांनी आपसांत अकराचा टप्पा धरलेला. स्वयंभू संख्या मला कित्येक वर्षं ठाऊक आहेत, पण एवढी सरळ गोष्ट मला कधी दिसली नव्हती.

९७ नंतर १०८ येतो, तोही अकरानेच. त्याच्या पुढची उडी मात्र अकराची नाही. कितीची, ते मी सांगत नाही. घरात दुसरी-तिसरीतलं कुणी असेल, तर त्याच्या हाती कागद-पेन्सिल द्या आणि शेजारी बसा.