कचारगडचे वय विचारू नका

कचारगडच्या गोंडांच्या जत्रेविषयी ठामपणे बोलणारे दोन पक्ष आहेत. एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसलेले हे पक्ष उभे आहेत मात्र एकाच चुकीवर. पहिला म्हणतो, ही जत्रा गेल्या शतकात ऐंशीच्या दशकात काही शिकल्यासवरल्या मंडळींनी उभी केली. तेव्हा हा धर्म नव्हे, राजकारण. दुसरा म्हणतो, कोया पुनेम हा गोंडांचा धर्म सिंधू संस्कृतीइतका जुना आहे. तेव्हा तोच खरा आणि बाकीचे सगळे मागाहून आलेले. धर्माचा खरेपणा त्याच्या वयावर ठरतो, हे दोघांनीही न तपासता गृहीत धरले आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या धर्मजीवनाचा धड अभ्यास होत नाही, त्याला हे गृहीतक बऱ्याच अंशी जबाबदार आहे.

आधी पहिल्या पक्षाकडे वळू. सालेकसा तालुक्यात दरेकसा स्टेशनावर उतरून धनेगावमार्गे डोंगरातल्या गुहांकडे माघी पौर्णिमेला लोक चालत जातात. महाराष्ट्रातून येतात, तसे छत्तीसगड, मध्य प्रदेश आणि तेलंगणातूनही येतात. हाती सप्तरंगी झेंडे असतात, तोंडी ‘जय सेवा’. काली कंकालीची मुले शंभूने गुहेत कोंडली आणि पारी कुपार लिंगोने जंगो रायताड व वादक हिरासुका पाटालीर यांच्या साथीने त्यांची सुटका केली, ती हीच गुहा, अशी श्रद्धा आहे. मोतीरावण कंगाली हे या मांडणीतले मोठे नाव. नोकरी नागपुरात रिझर्व्ह बँकेत आणि सारा जीव गोंडी भाषेत! पुराणगीतातला ‘काचीकोपा लोहागड’ म्हणजेच कचारगड, ही ओळख लोकांत रुजवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

ओळख नवी आहे, हे मान्य. गीत मात्र नवे नाही. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी प्रधानांकडून, म्हणजे गोंडांच्या भाटांकडून, मिळवलेले लिंगोचे गीत त्यांच्या मृत्यूनंतर, 1866 साली, रिचर्ड टेंपल यांनी छापले. गुहेत कोंडलेले गोंड, तोंडावरची शिळा, त्यांना सोडवणारा लिंगो, हे सारे त्यात आहे. पण हा पुरावा मी जत्रेला ‘वाचवण्यासाठी’ देत नाही. गीत सापडले नसते तरी काय बिघडले असते? सार्वजनिक गणेशोत्सवाचा आरंभ 1893 च्या सुमाराचा. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्याला आजचे शिस्तबद्ध रूप हैबतबाबा आरफळकरांनी दिले, तेही एकोणिसाव्या शतकात. म्हणून वारकऱ्यांच्या भक्तीला कोणी बनावट म्हणत नाही. हे माप मग फक्त गोंडांच्याच जत्रेला का लावायचे?

दुसऱ्या पक्षाशीही माझे भांडण आहे, आणि ते जरा अवघड आहे, कारण त्यांची बाजू दुबळ्याची आहे. कंगालींनी सिंधू लिपी गोंडीतून वाचल्याचा दावा केला. बहुसंख्य भाषाशास्त्रज्ञ ते वाचन मानत नाहीत, मीही मानत नाही. पण पुनेमाला त्या आधाराची गरजच काय? आपल्या घरातली खरी संपत्ती सोडून हे लोक हडप्पाच्या मुद्रांमागे लागतात, याचे वाईट वाटते.

ती संपत्ती म्हणजे सगा. चार देवांचे, पाच देवांचे, सहा देवांचे, सात देवांचे अशी गोंडांची वाटणी आहे. सारख्या संख्येच्या देवांना मानणारे एकमेकांचे भाऊबंद, त्यांच्यात सोयरीक होत नाही. म्हणजे इथे देवाची संख्या नुसती पूजा ठरवत नाही, नवरी कुठून आणायची हेही ठरवते. रसेल आणि हिरालाल यांनी 1916 च्या ग्रंथात ही व्यवस्था नोंदवली. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवरील 1948 च्या पुस्तकात ती आतून उलगडून दाखवली. मुलखागणिक तिच्यात फरक पडतो. आता कचारगडला या साऱ्या मुलखांतले लोक एका झेंड्याखाली येतात, तेव्हा सोयरिकीच्या नियमांचे काय होते? पूर्वी यजमानाच्या दारी बाना हे तंतुवाद्य वाजवून वंशगाथा गाणाऱ्या प्रधानाच्या जागी आता माइकवरचा वक्ता आणि छापील पुस्तक आले असेल, तर प्रधानाचा मान वाढला की गेला? भुमकाने, म्हणजे गोंडांच्या पुजाऱ्याने, कोणता नेंग (विधी) सोडला आणि कोणता धरून ठेवला? समाजशास्त्राचे प्रश्न हे आहेत. वयाच्या वादात ते कोणी विचारतच नाही.

वयाच्या जोडीला दुसरा वाद रकान्याचा. समाजशास्त्रज्ञ गोविंद सदाशिव घुर्ये यांनी 1943 साली आदिवासींना ‘मागासलेले हिंदू’ ठरवले. त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी: इंग्रजांच्या जनगणनेतला ‘अॅनिमिस्ट’ हा रकाना खरोखरच ढिसाळ होता आणि घुर्यांनी त्याचे नेमके वाभाडे काढले. पण एक रकाना चुकीचा ठरला म्हणून दुसरा बरोबर ठरत नाही. 2011 च्या जनगणनेत सहा धर्मांबाहेर आपला धर्म नोंदवणारे देशात 79 लाखांवर निघाले. त्यांपैकी दहा लाखांहून अधिकांनी ‘गोंड’ वा ‘गोंडी’ लिहिले. हा आकडा उडवून लावता येत नाही. त्यावरून कोण सकाळी उठून काय पुजतो हे कळते, असेही नाही.

रकान्याच्या आत काय दडते ते पाहायला गोंडांपर्यंतही जायला नको. भंडारा-गोंदियातल्या कितीतरी गावांत महानत्यागी बाबा जुमदेवजींच्या ‘परमात्मा एक’ मार्गाचे सेवक आहेत. चार तत्त्वे, तीन शब्द, पाच नियम. दारू बंद, इतर देवदेवतांची पूजा बंद. जर्मन अभ्यासक एर्न्स्ट ट्रोल्च यांनी चर्च आणि पंथ यांत भेद केला होता. चर्चमध्ये माणूस जन्मतो, पंथात तो स्वतःहून, अटी मान्य करून शिरतो. युरोपातल्या ख्रिस्ती इतिहासावरून काढलेला हा भेद आपल्या हिंदू म्हणवणाऱ्या शेजाऱ्याला असा लागू पडतो. जनगणनेत मात्र तो सेवक आणि त्याचा नवरात्रात घट बसवणारा भाऊ एकाच आकड्यात विरघळतात.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातले प्रतापगड तर वयवाद्यांना निरुत्तरच करते. तिथे महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि तिथेच ख्वाजा उस्मान गनी हारूनी यांचा दर्गा आहे. मोइनुद्दीन चिश्तींचे गुरू उस्मान हारूनी यांचे निधन मक्केत झाल्याचे परंपरा सांगते. आता भाविकाला हे सांगून काय साधणार? दर्ग्यावर येणारा माणूस दाखला पाहायला येत नाही. दुसरीकडे, ‘ऐक्याचे प्रतीक’ एवढे म्हणून वर्तमानपत्रे मोकळी होतात, तोही आळसच. दोन्हीकडे जाणारे कोण, एकीकडेच जाणारे कोण, दुकाने कोणाची, व्यवस्थेचा खर्च कोण उचलतो, हे विचारल्याशिवाय ऐक्य की नुसता शेजार हे कळणार नाही. त्याच परिसरात 1972 पासून तिबेटी निर्वासितांची नॉर्ग्येलिंग वसाहत आहे, तिची वेगळी पूजाअर्चा आहे. एका तालुक्याच्या एका कोपऱ्यात एवढा ऐवज!

‘असे खोदत बसलात तर श्रद्धा मरेल, समाज फुटेल’ हा शेवटचा आक्षेप. त्याला इरावती कर्व्यांनी मराठीतच उत्तर देऊन ठेवले आहे. त्या घुर्यांच्याच विद्यार्थिनी. त्यांनी वारीबरोबर चालून ‘वाटचाल’ लिहिली. एकाच विठ्ठलाच्या वाटेवर जातीजातींच्या पंगती वेगळ्या बसतात, हे त्यांनी पाहिले, त्याची खंत केली आणि वारीवर प्रेमही केले. त्यामुळे वारी मोडली नाही. उलट, तिच्याकडे पाहण्याची एक प्रामाणिक रीत मराठीला मिळाली. फूट आधीच असते. लिहिल्याने ती फक्त दिसते.

गोंदियातल्या महाविद्यालयांत समाजशास्त्र शिकवले जाते, शिकणाऱ्यांत गोंड मुले-मुलीही असतात. विभागप्रमुखांना एकच विनंती आहे. येत्या माघी पौर्णिमेला या विद्यार्थ्यांना वही देऊन धनेगावला पाठवा, आणि ‘ही जत्रा किती जुनी?’ हा प्रश्न प्रश्नावलीतून काढून टाका. त्या जागी विचारू द्या, ‘तुम्ही किती देवांचे, आणि सून कोणाकडून आणली?’