आधी शिक्षा, मग निकाल

घरातल्या साठी-सत्तरीच्या कुणालाही विचारून पाहा, नानावटी खटल्यात शेवटी काय झाले? बहुतेकजण सांगतील, “ज्यूरीने सोडून दिला की!” मग रूबाबदार गणवेश, इंग्रज पत्नी, साप्ताहिकांचे वाढलेले खप आणि कोर्टाबाहेरची गर्दी यांची उजळणी होईल. ही हकीकत आपण सिनेमाच्या अंगाने लक्षात ठेवली आणि अर्ध्यावरच सोडून दिली. खरे तर ज्यूरीने सोडल्यानंतरही कमांडर कावस नानावटी यांना खुनाबद्दल जन्मठेप झाली होती.

घटना २७ एप्रिल १९५९ ची. पत्नीने प्रेम आहुजाशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी तिला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडले, बोटीवर जाऊन खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, आधी आहुजाच्या ऑफिसात आणि तिथे तो नाही म्हणून त्याच्या घरी गेले. तीन गोळ्या सुटल्या. मग ते स्वतःच पोलिसांत हजर झाले. बचाव असा, की झटापटीत रिव्हॉल्व्हर उडाले. पण आहुजा नुकताच आंघोळ करून आलेला होता आणि मेल्यावरही त्याच्या कमरेचा टॉवेल सुटलेला नव्हता. या टॉवेलावरून मुंबईत तेव्हा किती विनोद झाले असतील ते असतील. पुराव्याच्या दृष्टीने मात्र तो फार गंभीर टॉवेल होता.

नऊजणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ‘निर्दोष’ असा निकाल दिला. ज्यूरीपुढे मधला मार्गही होता. गंभीर आणि अचानक प्रक्षोभामुळे माणसाचा तोल गेला असेल, तर कायदा त्याला खून न म्हणता सदोष मनुष्यवध म्हणतो. तोही ज्यूरीने नाकारला आणि सरसकट सोडले. सत्र न्यायाधीश मेहता यांनी हा निकाल मान्य न करता प्रकरण हायकोर्टाकडे पाठवले. जुन्या फौजदारी संहितेत तशी तरतूद होती. हायकोर्टाने मार्च १९६० मध्ये जन्मठेप दिली, सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ती कायम केली. दीडच्या सुमारास घर सोडल्यापासून गोळी सुटेपर्यंत जवळजवळ तीन तास गेले होते, एवढ्या वेळात माणूस भानावर येतो, असे त्या कोर्टाचे म्हणणे. १९६४ मध्ये राज्यपालांनी माफी दिली आणि नानावटी कुटुंब पुढे कॅनडाला गेले.

ज्यूरीच्या खोलीत काय बोलणे झाले, हे मला ठाऊक असण्याचे कारण नाही. पण माझा तर्क सांगतो. त्या आठजणांना विचारलेला प्रश्न होता, ‘याने हे केले का?’ त्यांनी उत्तर दिले ते दुसऱ्याच प्रश्नाचे, ‘याला शिक्षा व्हावी असे वाटते का?’ खुनाला कायद्यात शिक्षा दोनच, फाशी किंवा जन्मठेप. समोर उभा होता एक उमदा, फसवला गेलेला नवरा. शिक्षा नको वाटली, म्हणून गुन्हाच झाला नाही असे ठरवले. शिक्षा ठरवणे हे ज्यूरीचे काम नव्हतेच, ते न्यायाधीशाचे होते. पण मनात शिक्षा आधी ठरली आणि निकाल तिच्यामागून आला.

‘नानावटीमुळे ज्यूरी बंद झाली’ हेही आपण बिनदिक्कत सांगतो. वस्तुतः सेटलवाडांच्या अध्यक्षतेखालील विधी आयोगाने ज्यूरी नको अशी शिफारस १९५८ मध्येच, म्हणजे ती गोळी सुटण्यापूर्वी केली होती. या खटल्याने तिच्या शवपेटीवर फुले वाहिली एवढेच. १९७३ च्या फौजदारी संहितेत ज्यूरीला जागाच उरली नाही. पारशी विवाहांच्या न्यायालयात प्रतिनिधींच्या रूपाने तिचा एक अवशेष तेवढा राहिला.

मराठी माणसाला तर ज्यूरीचा कळवळा वाटण्याचे मुळीच कारण नाही. १९०८ च्या जुलैत याच मुंबईत लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला चालला. लेख ‘केसरी’तले, म्हणजे मराठी. ज्यूरीत सात युरोपियन आणि दोन पारशी. शब्दाशब्दाच्या भाषांतरावर टिळक तासन् तास बोलले, पण ते मराठी ज्यांना कळत नव्हते त्यांनीच त्यातला द्रोह ओळखायचा होता! निकाल सात विरुद्ध दोन, दोषी. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा दिली. १८९७ च्या खटल्यात याच दावरांनी टिळकांसाठी जामिनाचा अर्ज लढवला होता. इथेही सातजणांनी मजकूर तोलला असे मला वाटत नाही. हा माणूस मोकळा राहता कामा नये, हे आधी ठरले होते.

मग ज्यूरी गेली ते उत्तमच झाले, असे म्हणून हात झटकावेत का? मलाही बराच काळ तसेच वाटत असे. नाशिकच्या एका प्रकरणाने मला तसे म्हणवेना. २००३ मध्ये नाशिकजवळ एका झोपडीवर दरोडा पडला. पाचजणांचे खून, बायकांवर अत्याचार. ऐकूनच अंगावर काटा यावा असा प्रकार. पोलिसांनी भटक्या जमातीतले सहाजण पकडले. नाशिकच्या सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. हायकोर्टाने तिघांची जन्मठेपेवर आणली, तर सुप्रीम कोर्टाने २००९ मध्ये ती पुन्हा वाढवून सहाही जणांना फाशी दिली. ज्यूरी नाही, भावनेच्या आहारी जाणारे अडाणी नागरिक नाहीत. तीन पायऱ्यांवरचे शिकलेसवरलेले न्यायाधीश.

हे प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ ला त्याच सुप्रीम कोर्टाने सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार बाईने सुरुवातीलाच पोलिसांच्या फोटोंतून दुसरेच चारजण ओळखले होते. त्या चौघांचे पुढे काही झाले नाही.

नानावटींच्या वेळी शिक्षा नकोशी वाटली म्हणून पुरावा दिसेनासा झाला. इथे शिक्षा हवीशी वाटली, तेव्हाही तेच झाले. गुन्हा जितका भयंकर, तितकी ‘केला कुणी’ याची चौकशी काटेकोर हवी. होते नेमके उलटे. १९७३ च्या कायद्याने यावर एक शहाणी तोड काढली होती. आधी दोषी की निर्दोष ते ठरवायचे आणि दोषी ठरला तर शिक्षेवर त्याचे वेगळे ऐकून घ्यायचे. १९८० च्या बच्चनसिंग निकालाने फाशी ‘दुर्मिळातल्या दुर्मिळ’ प्रकरणातच, आणि गुन्ह्याबरोबर गुन्हेगारही पाहून, असे सांगितले. पण अनेकदा हे शिक्षेवरचे ऐकणे त्याच दिवशी, जेवणाच्या सुट्टीच्या अलीकडे-पलीकडे उरकले जाते. याला पुरेसा वेळ म्हणजे किती, हा प्रश्न २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टालाच घटनापीठाकडे पाठवावा लागला.

आपण तरी निराळे आहोत का? संध्याकाळी जेवताना टीव्हीवर पकडलेल्या माणसाचे झाकलेले तोंड दिसते आणि घासाबरोबर आपण म्हणतो, “असल्यांना चौकात लटकवायला हवे.” मीही म्हटले आहे. मुलगी दहावीत असताना तिने एकदा ताटावरून वर पाहून विचारले होते, “पण त्यानेच केलंय कशावरून?” तिच्या आईने तिला जेवायला सांगितले.

नाशिक प्रकरणातल्या सहाजणांना सरकारने प्रत्येकी पाच लाख रुपये द्यावेत, असा कोर्टाचा आदेश झाला. सोळा वर्षांचे पाच लाख. त्यातली कित्येक वर्षे फाशीच्या छायेतली. आणि त्या झोपडीतल्या पाचजणांना मारले कुणी, हा २००३ चा प्रश्न २०१९ मध्ये जिथल्या तिथेच होता.