विजेच्या तपासणीचा धंदा : मुलांनी कोणते शिक्षण घ्यावे?



दहावीचा निकाल लागला म्हणजे लाटंबार्से, नानोडा, वडावल, कासारपाल या बाजूच्या घराघरांतून एकच प्रश्न निघतो : मुलास आता कोठे घालावे? ज्याचा हात पकड-पेचकसावर बरा चालतो, त्याचे पाऊल सहजच विजेच्या कामाकडे वळते. धंदा चांगला आहे व गावात राहून करण्याजोगा आहे. मुलीही तो आता शिकतात. तथापि या धंद्यात दोन विद्या आहेत आणि पालकांस बहुधा एकच दिसते. पहिली विद्या तारा ओढून दिवा लावण्याची. दुसरी, केलेले काम निर्धोक आहे की नाही हे पारखण्याची. आज या दुसऱ्या विद्येविषयी लिहावयाचे आहे.

दिवा पेटला म्हणजे काम बरोबर झाले, असे मुळीच नाही. बटण फेजच्या तारेऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसविले तरीही दिवा पेटतो आणि विझतोही. मात्र विझल्यावरही होल्डरात वीज राहते व दिवा बदलणाऱ्यास धक्का बसतो. अर्थिंगची तार कोठे तुटलेली असली तरी इस्त्री तापते, पंप पाणी ओढतो, कपडे धुण्याचे यंत्र फिरते. यंत्राच्या आत बिघाड होऊन पत्र्यात वीज उतरेपर्यंत घरात कोणासही काही कळत नाही. त्यातून आपला प्रदेश पावसाचा. चिऱ्याच्या भिंती चार महिने ओल धरतात, जुन्या तारांचे वेष्टन कुजते. ओल्या हातांनी मोरीत काम करणारी गृहिणी आणि कुळागरात अनवाणी पायांनी पंप सुरू करणारा शेतकरी, यांचा जीव त्या न दिसणाऱ्या तारेवर अवलंबून असतो.

कायद्याने याचा विचार फार पूर्वी केला आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांनी असे ठरविले की, दिवा, पंखा, फ्यूज बदलणे अशी किरकोळ कामे सोडून घरातील वायरिंगचे काम परवानाधारक ठेकेदारानेच करावे. त्यावर सक्षमतेचे प्रमाणपत्र असलेल्या पर्यवेक्षकाची देखरेख असावी आणि प्रत्यक्ष हात लावणाऱ्याजवळ परमिट असावे. पुढे केंद्रीय विद्युत प्राधिकरणाची २०१० ची नियमावली आली व २०२३ मध्ये तिची जागा नव्या नियमावलीने घेतली. मूळ तत्त्व तेच राहिले. नवी जोडणी देण्यापूर्वी वीज पुरविणाऱ्याने स्वतः तपासणी करावी, किंवा परवानाधारक ठेकेदाराने सही केलेला तपासणीचा निकाल स्वीकारावा, अशी तरतूद आहे.

वाचकांनी या सहीकडे नीट पाहावे. कागदावर अर्थिंगचा आकडा आहे, वेष्टनाचा आकडा आहे, खाली सही आहे. पण मोजण्याचे यंत्र घरात आलेच नसेल, तर तो आकडा कोठून आला? न तपासता केलेली सही ही खोटी साक्ष होय. आणि तिच्यावर विसंबणारे कुटुंब आपल्याच शेजारचे असते. म्हणून मुलाचे शिक्षण निवडताना कसोटी एकच ठेवावी : या शिक्षणाने माझ्या मुलास अशी सही प्रामाणिकपणे करता येईल काय?

आता मार्ग कोणते ते पाहू. आपल्या देशात घरगुती तपासणीपुरती निराळी पदवी घेऊन कोणी थेट अधिकारी होत नाही. पायऱ्या चढाव्या लागतात. पहिली पायरी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची, म्हणजे आय.टी.आय.ची. डिचोलीस व पेडण्यास सरकारी संस्था आहेत. तेथे प्रवेश घेण्यापूर्वी त्या वर्षी कोणते विभाग चालू आहेत ते विचारून घ्यावे. ‘इलेक्ट्रिशियन’ आणि ‘वायरमन’ हे दोन्ही अभ्यासक्रम दोन-दोन वर्षांचे आहेत. पहिल्यास विज्ञान व गणित घेऊन दहावी उत्तीर्ण व्हावे लागते; दुसऱ्यास आठवी पुरते. इलेक्ट्रिशियन यंत्रे, मोटारी, नियंत्रणे असे अधिक विस्ताराने शिकतो. वायरमनचा भर घरे व इमारती यांच्या वायरिंगवर असतो. जो मुलगा पुढे शिकेल असे वाटते, त्यास पहिला बरा. ज्यास लवकर हातास काम हवे, त्याने दुसऱ्यास कमी लेखू नये.

दुसरी पायरी उमेदवारीची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यान्वये आय.टी.आय. झालेल्यास कारखान्यात किंवा वीज खात्यात विद्यावेतन घेऊन साधारण एक वर्ष काम शिकता येते. हे वर्ष गाळू नये. तिसरी पायरी वायरमनच्या परमिटाची व त्यापुढील पर्यवेक्षकाच्या प्रमाणपत्राची. ही राज्याच्या परवाना मंडळाकडून मिळतात. ज्यास पर्यवेक्षक वा ठेकेदार व्हावयाचे आहे, त्याने तंत्रनिकेतनाच्या पदविकेचाही विचार करावा. आय.टी.आय. उत्तीर्ण झालेल्यांस दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय असते. अटी माहितीपुस्तिकेत पाहाव्या.

मग काही आठवड्यांचे लहान वर्ग निरुपयोगी काय? तसे नव्हे. काम येणाऱ्यास नवी माहिती मिळण्यास ते चांगले. परंतु त्यांचे प्रमाणपत्र म्हणजे परमिट नव्हे. पैसे भरण्यापूर्वी, ‘हे प्रमाणपत्र परवाना मंडळ मान्य करते काय?’ असे मंडळाच्या कचेरीतच विचारावे. वर्ग चालविणाऱ्याच्या शब्दावर जाऊ नये.

आपल्या गावाची आणखी एक अडचण आहे. लाटंबार्सेपासून दोडामार्ग जवळच, नातीगोती दोन्हीकडे. पण मधून राज्याची सीमा जाते. परमिट त्या त्या राज्याने दिलेले किंवा मान्य केलेले असावे लागते. सबब पलीकडे शिकलेल्या मुलाने गोव्यात, वा इकडच्याने सिंधुदुर्गात काम धरण्यापूर्वी, तेथील मंडळाची मान्यता घेतली पाहिजे.

कित्येक गोमंतकीय कुटुंबांची मुले ब्रिटनमध्ये आहेत, म्हणून तिकडचीही रीत सांगतो. तेथे तपासणी हा स्वतंत्र विषय मानतात. काम येणाऱ्या इलेक्ट्रिशियनसाठी ‘सिटी अँड गिल्ड्स’ची २३९१ क्रमांकाची परीक्षा त्यासाठीच आहे. इंग्लंडात २०२० च्या नियमांप्रमाणे खासगी मालकाने भाड्याने दिलेल्या घराची वीजव्यवस्था निदान दर पाच वर्षांनी तपासावी लागते. ती परीक्षा म्हणजे धंद्याचा आरंभ नव्हे. आधी पाया, मग ती.

संस्था निवडताना पालकांनी तेथे स्वतः जावे आणि मुलास हाताने काय करावयास मिळते ते विचारावे. मेगर नावाचे यंत्र प्रत्येक विद्यार्थी चालवितो काय? या यंत्राने वीज बंद करून ५०० व्होल्टचा दाब तारांवर देतात व वेष्टनाचा रोध मोजतात. जुन्या नियमांप्रमाणे तो निदान १ मेगओहम असावा लागे. त्यापूर्वी नाजूक उपकरणे सोडवून ठेवावी लागतात, हे शिकवितात काय? अर्थिंगचा रोध प्रत्यक्ष जमिनीत खुंट्या रोवून मोजतात, की केवळ फळ्यावर? पावसात ओल्या जमिनीत तो आकडा चांगला येतो आणि वैशाखात जमीन सुकली की वाढतो. हे ज्यास ठाऊक आहे, तोच आमच्या जांभ्या मातीत खरी तपासणी करील. गळती ओळखून वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा स्विच केवळ बटण दाबून पाहतात, की तो किती वेळात तुटतो हेही यंत्राने मोजतात? बटणाने स्विचची हालचाल तेवढी कळते. घराचे अर्थिंग शाबूत आहे की नाही हे त्यातून कळत नाही.

या प्रश्नांस जी संस्था सरळ उत्तरे देईल, तेथे मुलास निःशंक घालावे. इमारत जुनी असली तरी हरकत नाही.

शेवटी एक शब्द घरधन्यांस. चांगल्या शिक्षणाचा उपयोग, त्यास मागणी असेल तरच होतो. घरी वायरमन आला म्हणजे त्याचे परमिट पाहावे. काम संपल्यावर मोजलेले आकडे आपल्यादेखत कागदावर लिहून घ्यावे व त्याबद्दल वेगळा मोबदला आनंदाने द्यावा. तपासणीचे पैसे वाचविणारा गाव उद्या आपल्याच मुलांस न तपासता सही करावयास शिकवील. ती वेळ आपणांवर येऊ नये.